उभा की आडवा

माधवराव,

तुम्ही माझ्याकडून एक शब्द मागितला होता. तो मी परवा तुमच्याच गच्चीवर, तुमच्या घरच्या माणसांसमोर उच्चारला. तुमच्या तेराव्याची पंगत उठली होती, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या होत्या. शब्द साधाच होता, ‘नाही’. ऐकायला तुम्ही नव्हता, म्हणून लिहून कळवतो. क्रमानं लिहितो, कारण मला तसंच जमतं. तुम्हाला त्याचा वैताग यायचा. मला व्याह्याला “इवाई, शेवटचं आधी सांगा,” म्हणायचात. तर शेवटचं आधी सांगितलंय. आता मला सुरुवातीपासून येऊ द्या.

तुमचा अमोल आणि माझी शुभांगी यांच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या मेहुण्यानं घसा खाकरून देण्याघेण्याचं विचारलं. आमच्याकडचे सगळे ताठ बसले. तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, “आपल्याला कायबी नको. फकस्त इवाईंनी हॅम रेडिओचं लायसन काढावं.”

बैठक हसली. मी हसलो नाही, कारण हॅम म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मुलाकडच्यांची मागणी आहे एवढंच कळलं होतं. मागाहून तुम्ही समजावलंत की परीक्षा देऊन सरकारी परवाना काढायचा, आपला वायरलेस सेट आपण वापरायचा, आणि अशाच दुसऱ्या हौशी माणसांशी बोलायचं. मध्ये ना कंपनी, ना टॉवर. मी म्हणालो, “मोबाइल आहे की.” तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत, जणू मी तुमच्या घरचं पाणी प्यायला नकार दिला होता.

पन्नाशीला आलेल्या माणसानं, डाळ मिलमधले हिशेब संपवून, संध्याकाळी रेडिओच्या लहरींचा अभ्यास करायचा. आमच्या हिला वाटलं, लेकीच्या लग्नाचा ताण डोक्यात गेला. पण मी पास झालो. मुलाच्या बापानं मागितलेली एकच गोष्ट होती, ती द्यायला नको का, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर तिसऱ्या धड्यापासून मला ते आवडायला लागलं होतं. प्रत्येक गोष्टीला आकडा होता, आणि आकडा चुकला की हवा लगेच सांगायची.

परवाना आल्यावर तुम्ही मला दोन नियम पढवलेत. पहिला तुमचा स्वतःचा. “हवेत इवाई न्हाई, मुलाकडचा न्हाई, मुलीकडचा न्हाई. हवेत मी माधव.” हा मला कधीच पाळता आला नाही. माझ्या तोंडून ‘माधवराव’च निघायचं, आणि तुम्ही तिकडून म्हणायचात, “राव खाली ठेवा, सेटचं वजन वाढतंय.”

दुसरा नियम सरकारी. प्रयोगाबद्दल बोलावं आणि स्वतःबद्दल किरकोळ बोलावं. ज्या गोष्टीसाठी फोन लावावा इतकं तिचं महत्त्व असेल, ती हवेत बोलायची नाही. हा मी तंतोतंत पाळला. म्हणून आपण बोललो ते वाऱ्याबद्दल, धुक्याबद्दल, तुमच्या गुडघ्याबद्दल आणि लातूरच्या पाण्याबद्दल. जे मला खरं बोलायचं होतं, ते नियमात बसत नव्हतं.

ते काय होतं, तेही आता लिहून टाकतो. लग्नाआधी शुभांगी लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायची. पोरं तिच्या बॅचसाठी नंबर लावायची. लग्नानंतर ते थांबलं. कुणी थांबवलं नाही, थांबलं. तिनं पुन्हा शिकवावं, एवढंच मला तुम्हाला म्हणायचं होतं. पण लेकीच्या बापानं असं कसं म्हणायचं? म्हटलं की ती तक्रार होते, आणि तक्रार कसली, तर तुमच्या घरात तिला काही कमी होतं अशी. तुमच्याकडं नांदेडला प्रत्येक खेपेला मी ते वाक्य घेऊन यायचो आणि जेवण करून तसंच परत न्यायचो.

मग अँटेना आला.

तोवर आपण मधल्या केंद्रामार्फत बोलायचो, पण तुम्हाला नांदेड आणि लातूर थेट जोडायचं होतं. हातातल्या छोट्या सेटवर, मधल्या कुठल्या केंद्राच्या मदतीशिवाय. मध्ये बालाघाटाचे डोंगर, म्हणून दिशा धरणारा अँटेना हवा, आणि तो एसटीत मांडीवर घेऊन जाता येईल असा हवा. नकाशावर मी कोन काढला तर लातूरहून नांदेड जवळजवळ बरोबर ईशान्येला. तुम्ही फोनवर म्हणालात, “म्हंजे देवघराच्या कोपऱ्यात. लेक बरोबर जागी दिलीत.” मी उगाच भिंतीकडं पाहत राहिलो. लेक दिल्यापासून मी तसाही त्याच कोपऱ्याकडं तोंड करून बसायचो, ते तुम्हाला कसं कळलं?

कृती तुमची होती. पाण्याच्या नळाचा प्लॅस्टिक पाइप हा कणा. त्यावर आडव्या तीन पट्ट्या. मागची लांब, पुढची आखूड, आणि मधली दोन तुकड्यांत, जिला वायर जोडायची. पट्ट्या कशाच्या, तर मोजायच्या पोलादी टेपच्या. त्या दुमडतात आणि सोडल्या की फटकन सरळ होतात. बोचक्यात मावतात.

गंजगोलाईतल्या दुकानातून टेप आणला आणि मी अडलो. टेप कापायचा? दसऱ्याला ज्याची पूजा करतो ते हत्यार? एक दिवस तो तसाच कपाटात राहिला. मग दुसरा टेप आणून मी पहिल्यावर खुणा केल्या. मागची एकशे पाच सेंटिमीटर, पुढची एकोणनव्वद. हे तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही इतके हसलात की विहीणबाईंनी येऊन फोन घेतला. “काय झालं ओ? हे पडतेत हसून.” मागून तुमचा आवाज येत होता, “टेप मोजायला दुसरा टेप आणलाय! अगं, टेपवर आकडे छापलेलेच हायत की!”

आकडे छापलेले असतात, पण टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक सैल असतो. मिलिमीटरभर पुढंमागं होतो. हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही माझं मत तेच आहे. तुम्ही मात्र मधूनच कुठूनही कापायचात. तुमच्या मागच्या पट्टीवर एकशे सदतीसपासून आकडे सुरू होतात. माझ्या पट्टीवर शून्यापासून. आपला वाद असा की पट्टी तेवढ्याच लांबीची असेल तर सुरुवात कुठून झाली यानं काय फरक पडतो? हवेला पडत नाही, हे मला मान्य आहे. मला पडतो. हा वाद तुम्ही अर्ध्यावर सोडून गेलात.

पहिली चाचणी आठवते का? हिवाळ्यातली सकाळ. तुम्ही नांदेडबाहेरच्या टेकडीवर, मी आणि ही अहमदपूरच्या अलीकडच्या माळावर. थेट लातूरहून नंतर, आधी अर्ध्या वाटेवरून, असं ठरलं होतं. दोघांचे अँटेना सारखे, सेट सारखे. मोबाइलला रेंज येत-जात होती. हिनं थर्मासमधला चहा ओतला, मी बटण दाबून तुम्हाला हाक मारली, बटण सोडलं. नुसती फुसफुस.

आता इथं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होणार नाही. अँटेना दोन तऱ्हांनी धरता येतो. पट्ट्या जमिनीला समांतर म्हणजे आडवा, पट्ट्या आभाळाकडं म्हणजे उभा. दोन्ही टोकांना एकसारखा धरला की काम होतं. एकानं उभा आणि दुसऱ्यानं आडवा धरला, तर पुस्तकी हिशेबानं ताकदीचा शंभरावा हिस्साही पोचेल न पोचेल. हे आपल्या दोघांनाही पाठ होतं. मी परीक्षेत लिहिलं होतं.

मला उभा धरायची सवय, तुम्हाला आडवा. ऐकू येईना, तेव्हा मी विचार केला की मुलाचा बाप आहे, त्यांच्या सोयीनं घ्यावं. मी आडवा केला. त्याच वेळी तुम्ही टेकडीवर विचार केलात की लेकीचा बाप एवढ्या लांबून आलाय, त्याला कशाला त्रास. तुम्ही उभा केला. फुसफुस. मग मला वाटलं, त्यांनी माझ्यासाठी बदलला असणार, आता मी पहिल्यासारखा उभाच धरतो. तुम्हालाही तेच वाटलं. ऊन वर येईपर्यंत आपण असे एकमेकांना मान देत राहिलो. मध्ये एकदा फोन लागला तेव्हा मी विचारलं, “कसा धरलाय?” तुम्ही म्हणालात, “तुमी म्हणाल तसा!” मी म्हणालो, “नाही नाही, तुमच्या सोयीनं,” आणि रेंज गेली.

ही दगडावर बसून सगळं बघत होती. कप झटकत म्हणाली, “दोघंबी एकमेकाला पाट द्यायला उठलेत. जेवायला बसणार कोण?”

पुढच्या फोनला तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. “आडवा. आडवा म्हंजे आडवा. मी मुलाचा बाप म्हणून न्हाई सांगून राहिलो. कुणीतरी एकानं ठरवाय लागतंय म्हणून सांगून राहिलो. आता हलवू नका!”

मी आडवा धरला. बटण दाबून तुमचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, उच्चारला, माझा उच्चारला, “ओव्हर” म्हणालो. आणि डोंगरांच्या पलीकडून, शेजारच्या खोलीतून यावा तसा तुमचा आवाज आला. “इवाई! येऊन राहिला आवाज! चक्क येऊन राहिला!” हवेत इवाई म्हणायचं नाही, हा तुमचा नियम तुम्हीच मोडलात. ही दगडावरून उठली आणि पदर सारखा करून सेटसमोर उभी राहिली, जणू तुम्ही दारातच आला होतात.

त्यानंतर दोन हिवाळे आपण तसेच माळावर आणि टेकडीवर गेलो. आडवा ठरला होता, त्यामुळं विचारायची गरज उरली नाही. मला त्या सकाळींचं सुख नीट सांगता येत नाही. घरी आपण भेटलो की मी खुर्चीच्या कडेला बसायचो, तुम्ही लोडाला टेकायचात. तुम्ही कधी वागवलं नाहीत तसं, पण मी बसायचोच. माळावर मात्र तुमचं ‘ओव्हर’, म्हणजे ‘आता तुम्ही बोला’, झालं की तुम्हाला थांबावंच लागायचं, आणि मी बोलायचो. मुलाच्या बापाला मुलीच्या बापाचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, अशी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

तुम्हालाही ते लक्षात आलं असावं. मागच्या पावसाळ्यात तुमच्या गच्चीवर आपण वाऱ्यानं वाकलेली एक पट्टी बदलत होतो. तुम्ही म्हणालात, “दोन बोटं जास्त कापतो. मागून कमी करता येतंय.” मला आकडा पाठ होता, दोन बोटांची काही गरज नव्हती. तरी मी म्हणालो, “तुम्ही म्हणाल तसं.”

तुम्ही पत्रा कापायची कात्री खाली ठेवलीत.

“इवाई, एक काम करा. एकदा न्हाई म्हणा मला.”

“कशाला?”

“कशालाबी. लेकीच्या बापाचा हो म्हंजे हो नसतोय. तो भाव न केलेला माल हाय. मला काय कळावं तुमच्या पोटात काय हाय ते? एकदा न्हाई म्हणा, मग मी तुमचा हो खरा धरीन.”

मी म्हणालो, “बरं.”

तुम्ही कपाळावर हात मारलात. “हे बघा! ह्यालाबी हो!” मग जिन्याकडं तोंड करून ओरडलात, “शुभांगी, तुझ्या बापाला काय करावं गं?” ती खालून म्हणाली, “चहा द्या, अप्पा. चहालाच काय ते नाही म्हणत्यात कधीमधी.”

त्या दिवशी तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं आणि तुम्ही आधी मला चाचपून पाहत होता, हे मला कळलं नाही. पट्टी तुम्ही दोन बोटं जास्तच कापलीत. मग थोडी कमी केलीत, मग आणखी थोडी. ती माझ्या आकड्यावर येऊन थांबली.

लातूर–नांदेड थेट बोलायचं या हिवाळ्यात ठरलं होतं. तूर निघाली की, थंडी पडली की. तूर निघाली. मिलचा वास पेठेत भरला. थंडीही पडली. आणि अमोलचा फोन आला. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हाला फार त्रास झाला नाही असं सगळे म्हणतात, आणि ते खरं असावं असं मी धरून चाललोय.

आता परवाचं. विहीणबाई गच्चीवर आल्या. एका हातात तुमचा सेट, दुसऱ्या हातात दुमडून दोरीनं बांधलेला अँटेना. दोन्ही माझ्यापुढं केलं.

“घेऊन जा. हितं कोण धरणार?”

सेट मी घेतला. परवाना नसलेल्या घरात सेट राहू नये, तो नियम आहे, आणि तुम्हाला माहीत आहे मी कसा आहे. पण अँटेना घेण्याआधीच त्या म्हणाल्या, “तुमाला एक इचारायचं होतं ह्यांना. पावसाळ्यापासून इचारीन इचारीन करत होते. शुभांगीनं कॉलेजात शिकवाय जावं का? तुमाला काय वाटंल म्हणून थांबले. सुनेच्या पगारावर डोळा ठेवला म्हणतील इवाई, म्हणाले.”

मी सेट कठड्यावर ठेवला. म्हणालो, “अहो, मला तेच विचारायचं होतं त्यांना. लग्नापासून.”

शुभांगी दोरीवरचे कपडे काढत होती. चिमटे मुठीत धरून ती आमच्याकडं वळली.

“म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना विचारायचं का नाही, याचा विचार करत होता. मला विचारायचं कुणाला सुचलं का?”

मी अखेर विचारलं, “तुला काय वाटतं?”

“मी अर्ज देऊन बसलेय, बाबा. पुढच्या महिन्यापासून जायचंय. अप्पांना ठाऊक होतं. मी तुम्हाला तेव्हाच फोन करणार होते, तर म्हणाले, थांब. तुझ्या बापाला माझ्या तोंडून कळू दे. त्यांना नाही म्हणायचं असेल तर मला म्हणू दे, तुला नको.”

माधवराव, मी ‘नाही’ म्हणणार नव्हतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण तुम्ही माझ्या नकाराला जागा करून ठेवली होती. मुलाच्या बाजूला बसून एवढं कोण करतं? गोदावरीकडून वारा येत होता. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि अँटेना पुन्हा पुढं केला. “घ्या. तुमच्याकडंच शोभंल.”

तेव्हा मी म्हणालो, “नाही.”

त्या दचकल्या. शुभांगीच्या हातून चिमटे खाली पडले. मीही जरा दचकलो, पण मागं घेतलं नाही. “नाही, विहीणबाई. अँटेना इथंच राहील. शुभांगी धरेल.”

“मला परवाना कुठाय?” शुभांगी म्हणाली.

“परीक्षा दे. भौतिकशास्त्र शिकवणार आहेस ना? तोवर बोलायचं नाही, ऐकायला काही हरकत नाही.”

अमोलनं नुसता ऐकायचा छोटा रिसिव्हर आणलाय. तुमची दोन बोटं जास्त कापून मग कमी केलेली पट्टी, मागच्या पट्टीवरचे एकशे सदतीसपासूनचे आकडे, सगळं तसंच आहे. मी एक मिलिमीटरही बदलू दिलेलं नाही.

आज सकाळी मी लातूरबाहेरच्या माळावर गेलो. शुभांगी आणि अमोल तुमच्या टेकडीवर. निघताना तिचा फोन आला. “बाबा, उभा धरू की आडवा?” मी म्हणालो, “आडवा. ते ठरलेलं आहे.” पुढचं ती विचारत बसली नाही.

अँटेनाचं तोंड ईशान्येला केलं. कॉलसाइन उच्चारला. सांगितलं की चाचणी आहे, लातूरला थंडी आहे, धुकं कमी आहे. सगळं किरकोळ, नियमात बसणारं. थोड्या वेळानं मोबाइलवर तिचा निरोप आला, “फुसफुस खूप. पण ‘लातूर’ आणि ‘थंडी’ नक्की ऐकलं.” दोन शब्द, पण थेट. मध्ये कुणी नाही. तुमचं काम झालं, माधवराव. मी हिशेबाचा माणूस आहे, दोन शब्दांना संपूर्ण बोलणं म्हणणार नाही. सुरुवात म्हणेन.

सेट बंद करणार होतो. मग मनात आलं की जी गोष्ट फोन लावून सांगण्याइतकी महत्त्वाची, ती हवेत बोलायची नाही, असा नियम आहे. पण ज्याला फोन लावताच येत नाही, त्याच्यासाठी हा नियम कसा वाचायचा? दोन्ही बाजूंनी वाचून पाहिला. आडकाठी दिसली नाही.

बटण दाबलं. माझा कॉलसाइन उच्चारला. आणि म्हणालो, “माधव, आवाज पोचला. पोरगी शिकवायला जाणार आहे. माझा हो आहे, खरा धरा. ओव्हर.”

बटण सोडलं, आणि समोरच्याला बोलता यावं म्हणून जेवढं थांबायचं असतं, तेवढा थांबलो.